दाब, धर, सोड

सुर्ल्याच्या खाणरस्त्यावर भिकाजीचं गॅरेज होतं. तो मूळचा दोडामार्गचा. खाणीवर कामाला आला, पुढे गाड्या दुरुस्त करू लागला आणि इथेच राहिला. शेडमागच्या खोलीत तो आणि बायको चंद्रावती. एकुलता एक मुलगा शंभू त्याला गॅरेजमध्ये हवा होता. पोराला बोटीवरची नोकरी हवी होती. चंद्रावतीने नवऱ्याला न सांगता शंभूची बॅग भरून दिली. त्या दिवसापासून भिकाजी तिच्याशी बोलेनासा झाला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. मुकाट जेवायचा, उठायचा.

एका कामापुरतं मात्र बोलावंच लागे. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पायडल स्पंजासारखं दबतं, गाडी वेळेवर थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. चंद्रावती गाडीत बसायची.

"दाब," खालून आवाज यायचा. पायडल घट्ट लागेपर्यंत ती मारत राही.

"धर." तो चाकामागचा निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, सैल करी, बुडबुड्यांसकट तेल बाहेर येई, तिचा पाय खाली जाई. निपल आवळून तो म्हणे, "सोड."

एवढंच. तरी ती अशा गाड्यांची वाट बघू लागली होती.

एकदा डिचोलीच्या एका मास्तरांची जुनी फियाट आली. पहिलं चाक झालं. दुसऱ्याला तो म्हणाला, "सोड." तिने पाय उचलला नाही.

"सोड म्हटलंय!"

पाय तसाच. तो सरपटत बाहेर आला. "ऐकाक येत नाय काय गो?"

"येता. आणि कायतरी बोला."

त्याने हातातला पाना फडक्याला पुसला. मग म्हणाला, "शंभू कसो आसा?"

"माका काय ठावक? वर्स झाला, कायच कळवक नाय त्येना."

"माका वाटला, तुका तरी कळयता."

तिने मान हलवली. मग पाय काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दोघं मुरगावला शंभूच्या बोटकंपनीच्या कचेरीत गेली. शंभूने मागच्याच वर्षी परदेशात कुठेतरी बोट सोडली, पुढचं आम्हाला माहीत नाही, असं तिथल्या माणसाने सांगितलं.

परतीच्या बसमध्ये ती शेजारी बसली. भिकाजी वाटभर खिडकीबाहेर बघत होता. डिचोली आल्यावर त्याने आपणहून विचारलं, "भूक लागली?"

ती नाही म्हणाली.