फोटोसाठी चौघं मिळेनात

मित्रांनो, मी पेठजवळच्या गावात राहतो. नाशिकला सोलर पंप दुरुस्तीचं ट्रेनिंग घेतलं आणि गावातच काम सुरू केलं.

आज सकाळी ट्रेनिंगच्या सरांचा फोन आला, "गावातल्या चार तरुणांसोबत तुझा फोटो पाठव. नव्या बॅचच्या जाहिरातीत टाकू."

म्हटलं, त्यात काय! निघालो चौघं शोधायला. कैलास ओझरला कारखान्यात लागलाय. रमेश नाशकात एसी बसवतो. बाकीचेही असेच कुठे कुठे. घरोघरी म्हाताऱ्याच भेटल्या. आणि गंमत म्हणजे, "ट्रेनिंगला जा रे" म्हणून या सगळ्या पोरांच्या मागे मीच लागलो होतो.

दुकानाच्या ओट्यावर बसलेले सोमाबाबा म्हणाले, "आमाला घे की फोटोत. आमी काय वाईट दिसतो का?" चार म्हातारे टोप्या सारख्या करून माझ्या शेजारी उभे राहिले. फोटो झकास आला. पाठवला.

सरांचा मेसेज आला, "अरे, तरुण कुठेत?"

पोरं कामाला लागली याचा आनंदच आहे मला. पण गावात माझ्या वयाचा आता मी एकटाच उरलोय.

कोणी इकडे येणार असाल तर सांगा. फोटो राहू द्या, नुसतं चहाला या.