हळू

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, प्रवासाची, दुरुस्तीला द्यायच्या वस्तूंची. काम झालं की रेघ मारतो आणि पुढे जातो. एका नोंदीवर मात्र रेघ मारूनही ती गेली नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये मी देखरेखीला होतो. कापूस रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, जाण्याआधी शेडमध्ये पंधरा-वीस बायका तो निवडायच्या. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस, पाला, काड्या बाजूला काढायच्या. त्यांतली सर्वांत वयस्क बाई तांड्यावरून यायची. सगळ्या तिला याडी म्हणत; तिच्या बोलीत आई. तिच्या मांडीशी एक पत्र्याचा डबा असे. कापसात सापडलेले खडे, खिळे ती त्यात टाकायची. खडा रेच्यात गेला तर ठिणगी पडते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. संध्याकाळी जाताना ती माझ्यापुढे डबा वाजवायची. "बाबूजी, आज तीन आगी इझवल्या."

मी हसायचो. तो डबा मी कधी कुठे नोंदला नाही.

त्या हंगामात मी नवी यादी केली. प्रत्येकीच्या दिवसाच्या टोपल्या आणि पुढे एका शब्दात शेरा: चपळ, बरी, हळू. बहुतेक बायका दहा टोपल्या करत, याडी सहा. यादी शेडच्या दारावर लावली. चौथी शिकलेल्या एकीने ती मोठ्याने वाचली. मग थट्टा सुरू झाली, याडीची हळूबाई झाली. याडी त्यांच्यात हसली आणि माझ्याकडे आली.

"बाबूजी, हळू म्हंजे हळू हाताची, जपून निवडणारी, नाही का?"

तिला तो शेरा कौतुकाचा वाटला होता. खरं तर तोच अर्थ बरोबर होता, आणि हे मला उभ्या उभ्या कळलं. पण त्या दिवशी माझ्या खिशात आणखी दहा कामांची यादी होती. मी म्हणालो, "हळू म्हणजे सावकाश. सहाच टोपल्या होतात तुझ्या."

"बरं," ती म्हणाली.

दोन दिवसांनी मालकांनी यादी पाहिली आणि हळू शेऱ्याच्या बायकांना टोपल्या वाहायला लावलं. तेव्हा मी एक वाक्य बोलायला हवं होतं. बोललो नाही. यादी माझीच होती, ती चुकली हे कसं सांगणार?

पंधरवड्यात एका रेच्यात खडा गेला. शेजारचा ढीग धुमसला. बादल्यांनी विझला, कुणाला इजा झाली नाही. मी मालकांना गाठून याडीला परत निवडायला बसवलं. नवी यादी लिहिली आणि तिच्यापुढे "उत्तम" असा शेरा दिला. तो तिला स्वतः वाचून दाखवला. तिने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली.

त्या दिवशी तिने दहा टोपल्या केल्या. दुसऱ्या दिवशी अकरा. डब्यात तिने पिण्याचं पाणी भरून ठेवलं होतं.

मी विचारलं, "याडी, खडे?"

"खडे पाह्यत बसली त टोपल्या कधी भरू, बाबूजी?" आवाजात राग नव्हता. ती हातातला कापूस भराभर पुढे सारत होती. "तुमीच त सांगतलं."

मी म्हणालो, टोपल्या कमी झाल्या तरी चालतील. तिने ऐकून घेतलं. टोपल्या अकराच राहिल्या. शेजारच्या बायका तिच्याकडे बघून खडे काढायच्या, हेही मला तेव्हाच समजलं, कारण आता त्याही काढेनाशा झाल्या.

मग रोज संध्याकाळी बायका गेल्या की मी शेडमध्ये खडे शोधत बसू लागलो. पहिल्या दिवशी याडीचीच टोपली घेतली. तिच्यासारखी बोटं रुतवून कापूस मोकळा करत गेलो. तळाशी हरभऱ्याएवढा खडा सापडला. एक टोपली नीट पाहायला मला तास लागला होता.