हौदाकाठची शीळ

मामांनी बैलाला हौदावर नेलं आणि शीळ घातली. बैल पाणी पिताना शीळ घालायची, ही आमच्याकडची रीत. तिचा अर्थ एवढाच, की निवांत पी, मी उभा आहे. बैलाने पाण्याला नाक लावलं, तो फुरफुरला आणि त्याने मान वर केली. पलीकडच्या शेतात, जमिनीखालचा खडक फोडून गॅस काढणारं मशीन घरघरत होतं.

"हे मशीन आल्यापासून विहिरीच्या पाण्याला घासलेटचा वास येते," मामा म्हणाले. "हा पेतच नाही."

मशीन बसवण्याआधी, पाणी बिघडणार नाही, असं सांगायला गॅस कंपनीचे साहेब गावात आले होते. त्यांचं बोलणंही तेव्हा असंच शिळेसारखं गोड लागलं असेल.

"मग तुम्ही काय पिता, मामा?"

"हेच," ते म्हणाले, आणि बैलासाठी पुन्हा शीळ घालू लागले.