डावा पाय

पाण्याच्या टँकरपाशी आम्ही ड्रायव्हरांच्या बायका जमलो, की घागर भरायच्या आत एखादा किस्सा हाती येतोच. मीही हसायची. पण बाहत्तरच्या त्या उन्हाळ्यात रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. ट्रकखाली जॅक सरकून ह्यांचा डावा गुडघा गेला होता. क्लच दाबवत नव्हता. आणि नगरबाहेरच्या आमच्या टेस्ट ट्रॅकवर क्लच न दाबणाऱ्या ड्रायव्हरला एकच जागा, स्टोअरमधलं स्टूल. मी मॅट्रिक पास. पण नवऱ्याला धीर कसा द्यायचा, हे कुठल्याच इयत्तेत नव्हतं.

*

तेवढ्यात ट्रॅकच्या साहेबांनी दोन बुटक्या स्पोर्ट्स कार आणल्या. एक गिअरची. दुसरी ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचच नाही, गिअर आपले आपण बदलतात. दोन्ही पळवून बघायच्या, कुठली सरस.

पहिला मान सगळ्यांत जुने ड्रायव्हर बाबुराव यांचा. ऑटोमॅटिक निघाली, वेग आला, आणि जन्माच्या सवयीनं बाबुरावांचा डावा पाय क्लच शोधायला गेला. सापडला ब्रेक. दाबला तो ट्रकचा क्लच दाबावा तसा. शेजारी बसलेल्या साहेबांची टोपी काचेवर, टोपीमागोमाग साहेब.

साहेब मोठ्या मनाचे. कपाळ चोळत म्हणाले, "ब्रेकची चाचणी झाली. आता गाडीची करू."

*

तेव्हापासून रिवाजच पडला. ऑटोमॅटिकमध्ये बसणाऱ्याचा डावा पाय उपरण्यानं सीटखालच्या पट्टीला बांधायचा. शिंदे ड्रायव्हरनं झकास फेरी मारली. चहाची हाक आली तसा तो घाईनं उतरला. पाय आतच राहिला.

*

गिअरच्या गाडीत मात्र बाबुरावांना तोड नव्हती. वळण येण्याआधीच गिअर खाली, आणि गाडी बाणासारखी बाहेर. मी विचारलं, "कसं कळतं हो तुम्हाला?"

"वैनी, गाडी बोलती. आपन ऐकायचं."

"आणि ऑटोमॅटिक?"

"ती लई शहानी हाय. आपल्याला मधी बोलू देत न्हाई."

*

एके दिवशी जेवताना हे म्हणाले, "ऑटोमॅटिक मी चालवून बघतो. साहेब हो म्हणालेत. जमलं तर ट्रॅकवर, नाही तर स्टोअर."

रविवारी मी आमच्या चार वर्षांच्या नंदूला घेऊन कुंपणापाशी उभी. गिअरच्या गाडीत बाबुराव, ऑटोमॅटिकमध्ये हे. बाबुराव आधी उपरणं घेऊन पाय बांधायला आले.

"राहू द्या," हे म्हणाले. "हा कुठं जात नाही."

सरळ रस्त्यावर दोघं बरोबरीनं. वळणावर ऑटोमॅटिक जरा विचारात पडायची, तेवढ्यात बाबुराव पुढं. पुन्हा सरळ रस्ता, पुन्हा हे त्यांना गाठायचे. मी निम्मा वेळ डोळे मिटूनच होते. शेवटी बाबुराव एका गाडीच्या लांबीनं जिंकले.

साहेब ह्यांना म्हणाले, "उद्यापासून ऑटोमॅटिक तुमच्याकडे." माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती, ती मी पुसली.

बाबुराव छाती काढत नंदूपाशी आले. "बगितलंस का नंद्या, कोन जिंकलं?"

नंदूनं त्यांच्या पायांकडे नीट बघितलं. आधी एका पायाकडे, मग दुसऱ्याकडे. म्हणाला,

"आजोबा, तुम्हाला दोन्ही पाय लागतात?"