आठ खाचांची पट्टी

मुलांनो, मलकापूरच्या जनाना दवाखान्यात मी औषधं बनवायला शिकत होते तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वडील कापसाच्या गाठींची हमाली करत. शाळेत फी माफ होती म्हणून मी इंग्रजी शिकले, आणि बाटल्यांवरची नावं वाचता येतात म्हणून कंपौंडरबाईंनी मला हाताखाली घेतलं. वर्षभर नीट काम केलं की त्या शिफारसपत्र देणार आणि मग कुठेतरी नोकरी लागणार.

बायका घरून बाटली आणत. त्यांना वाचता येत नसे, म्हणून कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून ती बाटलीवर चिकटवायची. एका खाचेपासून दुसरीपर्यंत एक डोस. कंपौंडरबाईंना दाखवल्याशिवाय बाटली खिडकीबाहेर द्यायची नाही, असा नियम होता.

त्या सकाळी त्यांना बाळंतिणीच्या खोलीत बोलावलं. खिडकीशी हगवणीने मलूल झालेली दोन वर्षांची पोर घेऊन तिची आई उभी होती.

"काऊन वं, किती उशीर? माही गाडी चुकन ना!"

"थांब वं," रांगेतली मागची बाई म्हणाली, "इंग्रजी शिकेल हाय ते. सायबावानी सावकाश करन."

सगळ्या हसल्या. मी घाईने पट्टी चिकटवली आणि बाटली देऊन टाकली.

टेबल आवरताना आठ खाचांची पट्टी तिथेच पडलेली दिसली. म्हणजे पोरीच्या बाटलीवर गेली ती दुसऱ्या कुणासाठी कापलेली, तेवढ्याच लांबीची पण चारच खाचांची. त्या औषधात अफू होती, आणि आता दर वेळी दुप्पट जाणार होती.

पट्टी चुलीत टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. हा विचार मनात किती वेळ राहिला, ते मला आजही सांगता येत नाही. मग मी कंपौंडरबाईंना जाऊन सगळं सांगितलं.

"धाव," एवढंच त्या म्हणाल्या.

मायलेकी फलाटावर सापडल्या. एक डोस देऊन झाला होता. पोर आईच्या मांडीवर झोपली होती.

परत आणल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि झोपू देऊ नका म्हणाल्या. आम्ही तोंडावर पाणी मारलं, तळपाय चोळले. पोरीच्या दोन श्वासांमध्ये इतकं अंतर पडे, की मी तिच्या छातीवर हात ठेवून पाही.

"किती धावली वं माह्या पोरीसाठी," आई मला म्हणत होती. मी तळपाय चोळत राहिले.

ऊन कलल्यावर पोर किंचाळली आणि तिने आईचे केस ओढले. कंपौंडरबाई माझ्याकडे वळल्या.

"आता सांग तिले."

आठ खाचांऐवजी चार खाचांची पट्टी लावली, हे मी सांगितलं. आईने पोरीला जवळ ओढलं.

"हिच्या हातचं औषध नको," ती म्हणाली.

"हेच बनवीन. तू समोर बसून पाह्य," कंपौंडरबाई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या.

ती बसली. या वेळी औषध बिनअफूचं होतं, तरी मी खाचा सावकाश कापल्या. बाटली घेऊन तिने एकेका खाचेवर नख ठेवत मोजलं, पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि मगच पोरीला उचललं.