पहिली सुरी

छत्रीबागेतल्या बालवाडीत प्रेमलताबाईंनी तीस वर्षं मुलांना भोपळ्यांची चित्रपुस्तकं वाचून दाखवली. पुस्तक मिटलं की नारिंगी कागदाच्या पट्ट्या, टोकांना डिंक, आणि प्रत्येकाच्या हातात गोल कागदी भोपळा. शेवटी बाई खरा भोपळा चिरून आतल्या बिया दाखवायच्या.

त्यांच्या घरची रीत अशी की अख्खा भोपळा म्हणजे थोरला मुलगा. बाईमाणसानं त्याला पहिली सुरी लावायची नाही. बाई या रितीला हसायच्या, तरी सासूच्या शब्दाखातर पहिला काप आदल्या रात्री मुलाकडून, ऋषभकडून, मारून घ्यायच्या.

गेल्या चैत्रात राऊच्या रस्त्यावर ऋषभ अपघातात गेला.

यंदा भोपळा अख्खाच बालवाडीत आला. पट्ट्या चिकटवून झाल्या, मुलं भोवती कोंडाळं करून बसली. बाईंनी सुरी उचलली, पण हात पुढे जाईना.

"आणा बाईजी, मी काटते," मदतनीस सोनल म्हणाली. "आजकल हे सब कोण मानतं?"

"मीही मानत नाही," बाई खेकसल्या. "पण हात लावशील तर याद राख."

मुलं बिया न बघताच घरी गेली. बाईंनी भोपळा कडेवर घेतला आणि घरी नेऊन ओट्यावर ठेवला. दोन महिने तो तिथंच होता. मग बुडातून पाणी सुटलं, वास यायला लागला. बाई उचलायला गेल्या, तर तो हातातच फुटला.

"मी तर याला सुरीही लावली नव्हती," त्या रिकाम्या घराला सांगत राहिल्या.