लातूरचं वारं

तेराव्याची पंगत उठल्यावर माझे एक जुने सहकारी हात पुसत जवळ आले. नांदेडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आम्ही दोघांनी उभी नोकरी काढली होती. ते म्हणाले, "वहिनींवर तुमचा फार प्रभाव होता हो. हदगावकडची शेतकऱ्याची मुलगी, पण तुमच्यामुळं वाचायला लागली."

मी मान हलवली. अशा वेळी कुणी चांगलं बोललं की मान हलवायची असते. पण पलीकडं बायकांच्या घोळक्यात लातूरची बसली होती. तिनं ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावून माझ्याकडं पाहिलं. ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. माझं दुःख मात्र त्या क्षणी बाजूला सरलं आणि तिथं निव्वळ राग आला. खरं काय ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. माझ्या बायकोवर प्रभाव होता तो हिचा.

लातूरची म्हणजे बायकोची मैत्रीण. लग्नानंतर बायको बी.एड. करायला लातूरला गेली, तेव्हा वसतिगृहाच्या एका खोलीत या दोघी राहिल्या. मैत्रीण बौद्ध घरातली, वडील सरकारी नोकरीत, घरी लहानपणापासून पेपर आणि पुस्तकं. वर्ष संपवून बायको परत आली ती वेगळीच. चहात साखर निम्मी. सकाळी आधी पेपर, मग गॅस. जेवण झाल्यावर पुस्तक घेऊन खिडकीत. माझी आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "हिला लातूरचं वारं लागलं."

माझा जन्म पुस्तकांत गेल्यामुळं शब्द हातात घेऊन बघायची खोड आहे. प्रभाव हा सभेतला शब्द. जयंतीच्या भाषणात आणि प्रस्तावनेत तो शोभतो. कचेरीत त्यालाच वजन म्हणतात, चौकात वट म्हणतात, आणि आमच्याकडचे जुने लोक औषधाचा असर झाला म्हणतात. घरात यातलं काहीच कुणी बोलत नाही. घरात वळण लागतं, नाद लागतो, नाहीतर वारं लागतं. आईचा शब्द मला सगळ्यांत नेमका वाटला. वाऱ्याचा हात धरता येत नाही. आत आलेलं वारं बाहेर काढू म्हटलं तर कुठून काढणार?

पुढं दर सुट्टीत बायको चार दिवस लातूरला जाऊन यायची. "लातूरची म्हणत होती" हे आमच्या घरातलं रोजचं वाक्य झालं. मुलीनं कोणता विषय घ्यावा, पडदे कोणत्या रंगाचे असावेत, येसराच्या मसाल्याला धणे किती भाजावेत, सगळ्याला लातूरचा आधार. मी बायकोला वर्षानुवर्षं सांगत होतो, तुझी शुगर वाढते आहे, सकाळी फिरायला जात जा. ती म्हणायची, "बघू." एका दुपारी ती फोनवर बराच वेळ बोलली आणि संध्याकाळी पांढरे बूट घेऊन घरी आली.

"हे काय अचानक?" मी विचारलं.

"लातूरची म्हणाली, बूट आणले की पाय आपोआप निघतात."

"मग मी इतके दिवस काय वेगळं सांगत होतो?"

"तुम्ही फिरायचं सांगत होतात. बुटांचं कुठं सांगितलंत?"

दुसऱ्या दिवसापासून ती नदीच्या घाटावर जायला लागली. मी गॅलरीतून तिला कोपऱ्यावर वळताना बघायचो आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी भलतंच काही व्हायचं.

शेवटच्या आजारपणात तिनं खाणं सोडलं. मी चमचा पुढं केला की तोंड फिरवायची. मुलीनं करून पाहिलं, नर्सनं रागावून पाहिलं. मग लातूरची आली. एसटीतून उतरून सरळ दवाखान्यात. पिशवी कॉटवर टाकली आणि म्हणाली, "नाटकं करू नको. तोंड उघड."

बायकोनं तोंड उघडलं. हिनं मऊ भाताचे घास बोटांनी भरवले, आणि ती खात राहिली, डोळे मिटून, लहान पोरासारखी. मी रिकामा डबा धुवायला बाहेर गेलो. डबा स्वच्छ झाल्यावरही नळ चालूच ठेवला.

बायको गेल्यावर हेच माझ्या मनात घोळत राहिलं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून माझं असं काय तिच्यात उतरलं होतं? एखादी सवय, एखादा शब्द? मी घरभर आठवून बघायचो. जे सापडायचं ते लातूरचं निघायचं.

मुलीनं आईच्या साड्या वाटायला काढल्या. जांभळी इरकल बाजूला ठेवली. "ही लातूरच्या मावशीची. मी कुरिअर करते."

"मी नेऊन देतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच चढल्यासारखा वाटला.

लातूरला बसस्टँडवरून रिक्षा केली. तिचं घर क्लासेसच्या भागात आहे. वरच्या मजल्यावर तिनं कोचिंगला आलेल्या मुली ठेवल्यात. नवरा डाळ मिलमध्ये हिशेब बघायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली. दार उघडून ती म्हणाली, "या दाजी. वाळलात की हो. जेवण स्वतःच करून राहिलात का?"

करून राहिलात. हे हदगावचं बोलणं, माझ्या बायकोचं. लातूरला असं कुणी बोलत नाही. मी चपला काढता काढता थांबलो.

तिनं चहा केला. साखर निम्मी. चमचा कपाच्या काठावर वाजवून बशीत ठेवला, खुर्चीवर एक पाय मुडपून बसली आणि म्हणाली, "बरं, मग?" माझ्या बायकोचं वागणं मी तिथं बघत होतो, आणि ते मुळात इथलंच होतं. आजवर मी जी बघत आलो ती नक्कल होती, मूळ प्रत माझ्यासमोर चहा पीत होती. ग्रंथालयात काम केलेल्या माणसाला हा फरक कळतो. कळून फार त्रास झाला.

साडी दिली. तिनं मांडीवर घेतली, घडी न मोडता हात फिरवत राहिली. बघवेना म्हणून मी उठून कपाटाकडं गेलो. कपाटात पुस्तकं होती. सगळ्यांना कव्हरं होती, जुन्या कॅलेंडरच्या कागदाची, कोरी बाजू वर. कण्यावर काळ्या शाईनं नाव. मी एक पुस्तक काढून उघडलं. डिंकाचा थेंब नाही. कोपरे दुमडून आत सरकवलेले.

ही माझी पद्धत. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी ती बायकोला दाखवली होती. तिनं आमच्या घरी एकाही पुस्तकाला कव्हर घातलं नाही. चहाचा कप पुस्तकावर ठेवायची, पानाचा कान मुडपायची. मी बोललो की म्हणायची, "पुस्तक वाचायला असतं, नटवायला न्हाई."

"ही कुणी घातली?" मी विचारलं.

"दुसरं कोण घालणार? सुट्टीत आली की बसायची इथं कॅलेंडरं घेऊन. मी एकदा डिंक लावाया गेले, तर हातावर चापट मारली. 'डिंकानं पुस्तकाला कसर लागते, आमच्याकडं चालत न्हाई.'" मग ती एकदम तापली. "दाजी, आज सांगते. तुमचं ऐकून ऐकून माझे कान किटले होते. आमचे हे असं म्हणतात, आमचे हे तसं करतात. हे पुस्तक वाच, ह्यांनी सांगितलंय. मी म्हणायची, बाई, इकडं येताना तुझ्या ह्यांना तिकडंच ठेवत जा की. लई राग यायचा मला तुमचा."

मी खाली बसलो. मला समाधान वाटायला हवं होतं. जे शोधायला आलो होतो ते हातात होतं. पण माझ्या मनात आलं ते एवढंच, की माझं ऐकणारी बायको मला कधी भेटलीच नाही. ती दर सुट्टीत हिला भेटत होती.

"ताई, यातलं एक पुस्तक मी नेऊ का?" मी म्हणालो. "तिनं कव्हर घातलेलं."

ती उठली. माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि कपाटात जागच्या जागी लावलं.

"न्हाई दाजी. पायजे तर साडी परत न्या. हे देणार न्हाई."

एवढं स्पष्ट मला घरातही कुणी नाकारलं नव्हतं. निघताना ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, "सकाळी फिरायला जात जा. घरात बसून राहू नका."

"बघू," मी म्हणालो. तिनं माझ्याकडं चमकून पाहिलं.

परतीच्या बसमध्ये मी तिच्यावर चिडूनच होतो. घरी येऊन बायकोची पुस्तकं काढली, चहाचे डाग पडलेली, कान मुडपलेली. ती खालच्या खणात ठेवली. लातूरची कधी आली तर ही तिला दाखवायची नाहीत, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटावर जाऊन आलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. बाजारातून बूट आणले. बूट दारात ठेवले की पाय निघतात, हे खरं आहे.

रविवारी लातूरहून फोन आला. मी नुकताच फिरून आलो होतो, कपाळावर घाम होता.

"काय दाजी, जाता का फिरायला?"

मी बुटांची नाडी सोडत होतो.

"नाही," मी म्हणालो. "जमत नाही."